योजनेच्या क्लेममध्ये फसवणुकीचा आरोप आला तर: पहिल्या नोटिशीपासून खटल्यापर्यंत

संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमाराला येणारे असे फोन वकील म्हणून मी आता आवाजावरूनच ओळखते. तालुक्याच्या गावातला पंचवीस खाटांचा दवाखाना, नवरा सर्जन, बायको भूलतज्ज्ञ, आणि दिवसभराची ओपीडी संपल्यावर दबक्या आवाजात केलेला फोन. "मॅडम, जन आरोग्य योजनेच्या सोसायटीची नोटीस आलीय. सत्तावीस पेशंटच्या फाइली मागवल्यात. काहींत नोट्स अपुऱ्या आहेत, दोन-तीन ठिकाणी सह्या राहिल्यात. आज रात्री स्टाफला बसवून फाइली नीट करून ठेवू का?"

माझं उत्तर ठरलेलं असतं. "डॉक्टर, एका अक्षराला हात लावू नका."

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतल्या क्लेमवरून ज्यांच्यावर फसवणुकीचा आरोप होतो, अशा दवाखान्यांच्या मालकांसाठी, तिथे येणाऱ्या व्हिजिटिंग डॉक्टरांसाठी आणि बिलिंगच्या टेबलावर बसणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख लिहिते आहे. ज्यांनी खरोखर गरिबांच्या हक्काचे पैसे लाटले त्यांना पळवाट दाखवायचा माझा हेतू नाही. पण चुकीचं बिल आणि खोटं बिल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या पंधरवड्यात घाबरून केलेल्या कामांमुळे कितीतरी माणसं स्वतःच्या हाताने पहिल्याचं दुसरं करून बसतात. ते टळावं म्हणून हे सगळं.

आरोप नेमका काय आहे, ते आधी वाचा

२०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, आणि सप्टेंबर २०१८ पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. आता वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. काम कसं चालतं ते तुम्ही रोज पाहता: आरोग्यमित्र (दवाखान्यात बसणारा योजनेचा प्रतिनिधी) शिधापत्रिका आणि ओळखपत्र बघून नोंद करतो, दवाखाना पूर्वपरवानगी मागतो, उपचार होतात, डिस्चार्जनंतर कागद आणि फोटो अपलोड होतात, आणि ठरलेल्या पॅकेजच्या दराने राज्य आरोग्य हमी सोसायटीकडून पैसे येतात. या प्रत्येक टप्प्यावर कुणाच्या तरी लॉगिनचा, तारखेचा आणि वेळेचा माग उरतो. तोच तुमच्याविरुद्धचा पुरावा असतो आणि तोच तुमचा बचावही.

नोटिशीत बहुतेक वेळा सगळे आरोप एकाच दमात लिहिलेले असतात. ते सुटे करा. न झालेल्या उपचाराचं बिल लावलं, हा एक आरोप. झाला त्याहून मोठ्या पॅकेजचा क्लेम केला, हा दुसरा. एकच शस्त्रक्रिया दोन तुकड्यांत दाखवली, ओपीडीत भागलं असतं अशा रुग्णाला भरती केलं, रुग्णाकडून वर रोख घेतली, एकाच्या कार्डावर दुसऱ्यावर उपचार केले, हे सगळे वेगवेगळे. 'उपचार झालाच नाही' याला उत्तर ओटी (ऑपरेशन थिएटर) रजिस्टरातून मिळतं. 'उपचाराची गरजच नव्हती' याला वैद्यकीय मत लागतं. 'रोख घेतली' याला पावतीपुस्तक आणि रुग्णाचा जबाब. सगळ्यांना मिळून एकच उत्तर दिलं तर ते कशालाच लागू पडत नाही.

हेही ध्यानात घ्या की इथे एकाच वेळी निदान तीन मार्ग उघडतात. सोसायटीची कारवाई म्हणजे वसुली, निलंबन, अंगीकृत म्हणजे योजनेत सामील रुग्णालयांच्या यादीतून नाव काढणं. दुसरा मार्ग पोलिसांचा. तिसरा महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा, जिथे खोटं प्रमाणपत्र देणं हे गैरवर्तन ठरून नोंदणीवर गदा येऊ शकते. एका ठिकाणी लिहिलेलं वाक्य उरलेल्या दोन्ही ठिकाणी वाचलं जातं. म्हणून तिन्ही उत्तरं एकाच डोळ्याखालून गेली पाहिजेत.

पहिले दोन दिवस: काहीही बदलू नका, काहीही हरवू देऊ नका

नोटिशीतल्या प्रत्येक रुग्णाची फाइल बाहेर काढा, पानांवर क्रमांक टाकून स्कॅन करा आणि मूळ प्रत कुलपात ठेवा. किल्ली एकाकडेच. त्याच दिवशी स्टाफला लेखी सूचना द्या की या फाइलींत कुणी काही लिहायचं नाही, खोडायचं नाही, फाडायचं नाही. ती सूचना पुढे तुमच्या बाजूने बोलते.

नोंद राहून गेली असेल तर? वेगळ्या कागदावर आजची तारीख टाकून लिहा: 'अमुक दिवशीची भूल देण्याची नोंद अपुरी आढळली, माझ्या आठवणीप्रमाणे आणि अमुक रजिस्टरप्रमाणे स्थिती अशी होती.' खाली सही. मागची तारीख टाकून मूळ पानावर लिहिणं म्हणजे बनावट दस्तऐवज तयार करणं. पुरावा म्हणून मागितला जाईल असा कागद किंवा फाइल नष्ट करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा. एका प्रकरणात मी स्वतः पाहिलं आहे: चार वेगवेगळ्या महिन्यांतल्या चार रुग्णांच्या नर्सिंग नोट्स एकाच निळ्या पेनाने, एकाच अक्षरात, एकाही खाडाखोडीशिवाय लिहिलेल्या. ऑपरेशन खरं होतं, पोटावरचे टाके खरे होते. पण त्या निळ्या शाईने खऱ्या ऑपरेशनवरचाही विश्वास उडाला.

आता दवाखान्याबाहेर विखुरलेला पुरावा गोळा करा. माझ्या मते सगळ्यात मोलाचा पुरावा हाच, कारण तो तुमच्या हातचा नसतो. इम्प्लांटचा स्टिकर आणि पुरवठादाराचं चलन. ऑक्सिजन सिलिंडरच्या पावत्या. रक्तपेढीची पिशवी दिल्याची नोंद. लॅबच्या मशीनमधला लॉग. व्हिजिटिंग सर्जनला त्या तारखेला बँकेतून गेलेली फी. रुग्ण संदर्भित करणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी. सीसीटीव्हीचं फुटेज तर त्याच रात्री वेगळं काढा, कारण बहुतेक यंत्रणा काही दिवसांत जुन्या चित्रणावर नवं चढवतात. संगणकातून किंवा मोबाइलमधून घेतलेला पुरावा न्यायालयात द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या एका निवडणूक खटल्यावरूनच २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात हे प्रमाणपत्र बंधनकारक असल्याचं सांगितलं होतं. तेव्हा कलम जुन्या कायद्याचं होतं, तत्त्व आजही तेच आहे.

व्हॉट्सअॅपचे ग्रुप डिलीट करू नका. रुग्णांना फोन करून 'असं सांगा' म्हणू नका. आरोग्यमित्राला किंवा जिल्हा समन्वयकाला भेटून 'मिटवून टाका' असंही म्हणू नका. घाबरलेला माणूस नेमकं हेच तीन करतो, आणि साक्षीदारांवर दबाव आणतो म्हणून त्याच्या जामिनाला विरोध होतो.

कारणे दाखवा नोटिशीला उत्तर

मुदत बहुतेक वेळा थोडक्या दिवसांची असते. आधी एक छोटं पत्र द्या: लेखापरीक्षणाचा अहवाल, कुठल्या क्लेमबद्दल नेमका काय आक्षेप आहे त्याची यादी, आणि कुणाचे जबाब घेतले असतील तर त्यांच्या प्रती मागा. मुदतवाढही त्यातच मागा. आरोप नीट कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही, हे नैसर्गिक न्यायाचं साधं तत्त्व आहे, आणि पुढे उच्च न्यायालयात रिट करायची वेळ आली तर हे पत्र कामाला येतं.

उत्तर फाइलीगणिक तक्त्यात द्या. क्लेम क्रमांक, आक्षेप, वस्तुस्थिती, सोबतचा कागद. जिथे चूक आहे तिथे ती चूक म्हणून स्पष्ट लिहा. 'सर्व आरोप खोटे व निराधार आहेत' हे वाक्य जुन्या सवयीने लिहिलं जातं, आणि सत्तावीसपैकी एका फाइलीत जरी ते खोटं ठरलं तरी उरलेल्या सव्वीस फाइली त्याच्यासोबत बुडतात.

यंत्रणेतली माहितीच सदोष असू शकते, हा मुद्दा मांडायला कचरू नका. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या ऑगस्ट २०२३ च्या अहवालात दिसलं की आयुष्मान भारतचे साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा महाघोटाळा वाटेल. ओळख पटवायला मोबाइल क्रमांक आवश्यकच नव्हता आणि ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्यासाठी असे आकडे भरले गेले, असं सरकारचं स्पष्टीकरण होतं. एकच रुग्ण एकाच वेळी दोन दवाखान्यांत भरती दिसतो, याचंही एक साधं कारण राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने दिलं होतं: बाळ एका ठिकाणी जन्मतं आणि नवजात कक्षासाठी दुसरीकडे हलवलं जातं, तेव्हा ते आईच्याच ओळखक्रमांकावर नोंदलं जातं. तुमच्या यादीत अशी किती प्रकरणं आहेत, ते मोजा.

पैसे परत करायचे का? चूक ठरलेली रक्कम भरायला हरकत नाही, पण सोबत 'कोणताही आरोप मान्य न करता, आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून' असं पत्र हवंच. भरणा केला म्हणून गुन्हा पुसला जात नाही, आणि पत्राशिवाय भरलेली रक्कम पुढे कबुली म्हणून वाचली जाते.

गुन्हा दाखल झाला: कलमांचं गणित समजून घ्या

प्राथमिक माहिती अहवालाची प्रत हाती आली की दोन गोष्टी बघा, तारीख आणि कलमं. १ जुलै २०२४ च्या आधीच्या क्लेमला भारतीय दंड संहिता लागू, म्हणजे कलम ४२०, ४६७, ४६८, ४७१. त्यानंतरच्यांना न्याय संहिता: फसवणूक ३१८(४), बनावटीकरण ३३६ आणि ३३८, बनावट कागद वापरणं ३४०, कट ६१.

३१८(४) ची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक ही आपोआप होणारी गोष्ट नाही. पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची आणि अटक केलीच तर तिची गरज कागदावर दाखवायची, असं २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलं आहे. मात्र ३३८ लागलं की शिक्षा दहा वर्षं किंवा जन्मठेपेपर्यंत जाते, हे संरक्षण पातळ होतं आणि आरोपपत्रासाठी पोलिसांना साठऐवजी नव्वद दिवस मिळतात. म्हणून माझं पहिलं भांडण नेहमी या कलमाशी असतं. ३३८ मौल्यवान रोखा (ज्याने कायदेशीर हक्क किंवा देणं निर्माण होतं असा कागद), मृत्युपत्र अशा दस्तऐवजांसाठी आहे. डिस्चार्ज कार्ड किंवा सोनोग्राफीचा रिपोर्ट मौल्यवान रोखा कसा होतो, हा प्रश्न अटकपूर्व जामिनाच्या अर्जातच विचारला गेला पाहिजे.

अटकपूर्व जामीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली, आधी सत्र न्यायालयात. अर्जाचा कणा असा: पुरावा कागदोपत्री आहे, तो आम्ही जपून ठेवला आहे, यादी सोबत जोडली आहे, नोटिशीला उत्तर दिलं आहे, दवाखान्यात आज इतके रुग्ण भरती आहेत, पासपोर्ट जमा करायला तयार आहोत. कोठडीत घेऊन विचारावं असं काही उरलंच नाही, हे न्यायाधीशांना दिसलं पाहिजे. पहिल्या दोन दिवसांत केलेलं काम इथे फळाला येतं.

गुन्हा रद्द करून घ्यायला कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात लगेच धावायचं का? माझं मत, सरसकट नाही. निहारिका इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०२१ च्या निकालानंतर तपास चालू असताना 'कठोर कारवाई करू नये' असे आदेश सहजी मिळत नाहीत. तक्रार वाचूनच ती दिवाणी वसुलीची वाटत असेल, किंवा तुमची भूमिकाच तीत नसेल, तर जरूर जा.

पोलिसांसमोर बसताना

नोटीस आली की जायचं. न जाणं हेच अटकेचं कारण बनतं. आदल्या दिवशी फाइली वाचून जा, आठवणीवर विसंबू नका. तीन वर्षांपूर्वीच्या हर्नियाच्या रुग्णाबद्दल विचारलं तर 'रेकॉर्ड पाहून सांगतो' हे पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर आहे. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणी भाग पाडू शकत नाही, राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) ने तो हक्क दिला आहे. अटकेनंतरच्या चौकशीत वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही.

जप्तीच्या वेळी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार चित्रीकरण व्हायला हवं. पंचनाम्यात 'एक संगणक' एवढंच लिहू देऊ नका. हार्ड डिस्कचा क्रमांक, हॅश व्हॅल्यू (आतल्या माहितीत बदल झाला तर तो उघड करणारा आकडा) आणि प्रत्येक रजिस्टरची पानं नोंदवायला नम्रपणे सांगा. आणि चालू रुग्णांचे केसपेपर जात असतील तर प्रती ठेवून घेऊ द्या अशी लेखी विनंती करा, उद्याचा राउंड त्यांच्यावरच व्हायचा आहे.

कुणी काय केलं, हे वेगळं करा

अशा गुन्ह्यांत मालक, विश्वस्त, सर्जन, भूलतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि बिलिंगचा मुलगा, सगळे एकाच ओळीत आरोपी असतात. पण संचालक आहे म्हणून तो आपोआप गुन्हेगार होत नाही. त्याचा प्रत्यक्ष सहभाग आणि गुन्हेगारी हेतू दाखवावा लागतो, असं सुनील भारती मित्तल प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

बिलिंगच्या मॉनिटरच्या कोपऱ्याला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर डॉक्टरांचं युजरनेम आणि पासवर्ड. तीन शिफ्टचे पाच जण तेच लॉगिन वापरतात. तपासात मात्र ते सगळे क्लेम डॉक्टरांनी स्वतः भरले असंच दिसतं. म्हणून ड्यूटी रजिस्टर, बायोमेट्रिक हजेरी आणि क्लेम अपलोड झाल्याची वेळ शेजारी शेजारी मांडा. अपलोडच्या वेळी डॉक्टर ओटीत होते हे सहज दिसू शकतं. व्हिजिटिंग डॉक्टरांनी आपली डायरी, फीच्या नोंदी आणि टोल-पावत्यासुद्धा जपाव्यात.

इथेच एक कटू पण महत्त्वाची गोष्ट. मालक आणि पगारी कर्मचारी यांचा वकील एकच नसावा. बारा-पंधरा हजारांवर काम करणाऱ्या मुलीला 'आपले वकील आहेत, काळजी करू नको' असं सांगून सह्या घेतल्या जातात, आणि सहा महिन्यांनी सगळा दोष तिच्या लॉगिनवर ढकललेला असतो. परवडत नसेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो.

बचावाचा गाभा: हेतू

फसवणुकीत सुरुवातीपासून अप्रामाणिक हेतू असावा लागतो. हेतू डोक्यात असतो, पण त्याच्या खुणा आकड्यांत उमटतात. सत्तावीस क्लेमवर आक्षेप आहे, तर त्या काळात एकूण क्लेम किती होते? हजार-बाराशे असतील तर चित्र बदलतं. पन्नासच असतील तर ते बचावाचं चित्र नाही, आणि वकिलाने ते अशिलाला तोंडावर सांगावं.

त्याहून भारी पुरावा म्हणजे स्वतःचं नुकसान करणाऱ्या चुका. खोटं करणारा माणूस नेहमी स्वतःच्या फायद्याकडेच चुकतो. गोंधळलेला दवाखाना दोन्हीकडे चुकतो. म्हणून मी लेखापालाला सांगते, ज्या क्लेममध्ये तुम्ही कमी दराचं पॅकेज लावलंत, ज्यांचे कागद वेळेत न गेल्याने पैसे बुडाले, ज्यांत नाकारल्यावर अपीलच केलं नाही, ते सगळे शोधा. एका प्रकरणात आक्षेपाच्या रकमेइतकीच न मागितलेली रक्कम निघाली होती. त्या एका तक्त्याने जामिनाच्या सुनावणीचा सूर बदलला.

उपचाराची गरज होती का, या वादात बाहेरच्या, शक्यतो शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञाचं मत मागावं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयात, गावच्या शिबिरातून आणलेल्या लोकांवर गरज नसताना अँजिओप्लास्टी केल्याचा आरोप झाला आणि दोन रुग्ण दगावले. तेव्हापासून हा प्रश्न सगळीकडे अधिक कठोरपणे विचारला जातो, आणि तसाच विचारला गेला पाहिजे. अँजिओग्राफीची सीडी, ईसीजी, तपासणीआधीच्या तक्रारीची नोंद जागेवर असेल तर प्रामाणिक डॉक्टरला या प्रश्नाची भीती नाही.

रक्कम मोठी असेल तर सक्तवसुली संचालनालयही येऊ शकतं. मूळ गुन्हाच रद्द झाला किंवा त्यातून निर्दोष सुटका झाली तर मनी लाँडरिंगचा खटला उभा राहत नाही, हे २०२२ च्या विजय मदनलाल चौधरी निकालात स्पष्ट आहे. म्हणून मूळ गुन्ह्यावरची पकड सोडू नका.

आणि खरंच खोटं झालं असेल तर? वकिलाला सगळं खरं सांगा, पहिल्याच दिवशी. ३१८(४) एकटंच असेल तर न्यायालयाच्या परवानगीने तडजोड किंवा प्ली बार्गेनिंगचा (गुन्हा कबूल करून कमी शिक्षा मागण्याचा) मार्ग तपासता येतो. बनावटीकरणात तडजोड नाही, आणि जनतेच्या पैशाच्या बाबतीत न्यायालय तडजोडीकडे सावधपणेच बघतं. ज्या कनिष्ठ कर्मचाऱ्याने सांगितलं म्हणून केलं, त्याने माफीचा साक्षीदार होण्याचा पर्याय स्वतःच्या वकिलाशी बोलावा.

आरोपपत्रानंतर

हजर झाल्यापासून चौदा दिवसांत आरोपपत्राच्या प्रती मिळायला हव्यात. प्रती मिळाल्यापासून साठ दिवसांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २६२ खाली दोषमुक्तीचा, म्हणजे खटला न चालवताच सोडण्याचा, अर्ज करता येतो. ही मुदत नव्या कायद्यात आली आहे आणि जुन्या सवयीने ती चुकते, कॅलेंडरवर त्याच दिवशी खूण करा.

खटला उभा राहिलाच तर दोन साक्षीदारांवर सगळं तोललेलं असतं, लेखापरीक्षक आणि रुग्ण. लेखापरीक्षकाला विचारा: दवाखान्यात तुम्ही स्वतः गेलात की पडद्यावरच्या स्कॅन प्रतीच पाहिल्या? मूळ इनडोअर पेपर मागितले होते का? रुग्णाची तपासणी केली का? रुग्णाच्या उलटतपासणीत मात्र आवाज चढवू नका. पोलिसांच्या जबाबात 'माझं ऑपरेशन झालं नाही' असं लिहिलेला एक म्हातारा शेतकरी कठड्यात उभा होता. मी त्याला एवढंच विचारलं, "बाबा, दवाखान्यात काय केलं होतं तुमचं?" तो म्हणाला, "ऑपरेशन नाय झालं, दुर्बिणीनं खडा काढला." आणि त्याने सदरा वर करून पोटावरचे तीन बारीक भोकांचे वण न्यायाधीशांना दाखवले.